अंधार कोणाच्या डोळ्यांपुढे?

मराठीत पाहण्याजोगे चित्रपट कोणते, असे कोणी विचारले की हाती जी यादी पडते ती आता सगळ्यांना पाठ आहे. ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘श्यामची आई’. मग एक लांबलचक उडी. आणि थेट ‘श्वास’. त्यापुढे ‘देऊळ’, ‘फँड्री’, ‘कोर्ट’, ‘सैराट’. यादी करणारा जरा दिलदार असेल तर मध्ये ‘पिंजरा’ घालतो आणि घटकाभर करमणूक म्हणून ‘अशी ही बनवाबनवी’चे नाव घेतो, तेही काहीसे ओशाळून. बाकी १९५४ ते २००३ ही पन्नास वर्षे कोरी. त्या वर्षांचे बारसेही होऊन गेले आहे: मराठी चित्रपटाचे अंधारयुग.

हे मत कोणा एकाचे नाही. तसे असते तर त्या एकाशी वाद घालून मोकळे होता आले असते. ते महोत्सवांच्या पुस्तिकांत आहे, रविवारच्या पुरवण्यांत आहे, नव्या दिग्दर्शकाला विचारल्या जाणाऱ्या पहिल्या प्रश्नात आहे. जे सगळेच म्हणतात ते तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. मला वाटते. दोन्ही पक्ष मांडावेत, पुरावा समोर ठेवावा आणि निवाडा वाचकांवर सोपवावा, एवढाच या लेखाचा खटाटोप.

आधी पूर्वपक्ष, आणि तो त्याच्या पूर्ण बळानिशी. आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला १९५४ मध्ये, राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट हा मान मराठीला पुन्हा मिळायला २००४ साल उजाडावे लागले; तो मिळाला संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ला. मधल्या काळात मराठी चित्रपट आधी तमाशाच्या फडात अडकला. पाटील, त्याचा वाडा, नाचणारीण, उद्ध्वस्त होणारा संसार. मग दादा कोंडके आले आणि द्वयर्थी संवादांवर गल्ला भरू लागला. ऐंशीच्या दशकात दाक्षिणात्य आणि हिंदी चित्रपटांवर बेतलेल्या विनोदपटांची लाट आली. १९९१ मध्ये ‘माहेरची साडी’ने अख्ख्या महाराष्ट्राला रडवले, आणि तीही कथा मुळात एका राजस्थानी चित्रपटाची. मध्यमवर्ग नाटकाला जाऊ लागला, तरुण हिंदीकडे वळले, गुणी नट आणि लेखक हिंदीने नेले. ‘श्वास’ने ही कोंडी फोडली. त्यानंतर नव्या दमाचे दिग्दर्शक आले, आणि व्हेनिस-बर्लिनला मराठी ऐकू येऊ लागली.

हा पक्ष पोकळ नाही. त्यातले एकेक विधान सुटे घेतले तर बहुतेक खरे आहे. अडचण त्यांच्या बेरजेत आहे.

सुवर्णपदकाचा आधार सर्वांत भक्कम दिसतो, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करू. हे पदक वर्षाला एका चित्रपटाला मिळते, आणि स्पर्धेत देशातल्या सगळ्या भाषा असतात. ज्या पन्नास वर्षांबद्दल आपण बोलतो आहोत त्यात एकट्या सत्यजित राय यांच्या सहा चित्रपटांनी हा मान घेतला. तमिळला तो प्रथम मिळाला १९९० च्या ‘मरुपक्कम’मुळे. तेलुगूला प्रथम मिळाला २०१५ च्या ‘बाहुबली’मुळे. मग ‘मरुपक्कम’पर्यंत तमिळ चित्रपट अंधारात चाचपडत होता काय? ‘बाहुबली’च्या आधी तेलुगूत चित्रपट होतेच कुठे, असे हैदराबादमध्ये जाऊन म्हणण्याची कोणाची छाती आहे? जो मापदंड शेजाऱ्याला लावताना हास्यास्पद ठरतो तो स्वतःला लावताना शास्त्रशुद्ध कसा ठरतो? आणि परीक्षकांचाच कौल मानायचा तर पूर्ण माना. ‘सामना’ १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात मुख्य स्पर्धेत होता. अमोल पालेकरांच्या ‘आक्रीत’ला नांतच्या महोत्सवात परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले. व्हेनिस-बर्लिनचे कौतुक ‘कोर्ट’पासून सुरू होते, असे म्हणणाऱ्याने निदान एवढे तरी चाळायला हवे होते.

आता दुसरा प्रश्न. अंधार नेमका पडला कधी?

पदकाच्या हिशेबाने तो १९५४ नंतर लगेच पडायला हवा. पण अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ चा. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो दोन वर्षांहून अधिक काळ चालला. राजा परांजपे यांचा ‘जगाच्या पाठीवर’ १९६० चा, गदिमा आणि सुधीर फडके यांच्या ऐन बहरातला. त्याला अंधारात ढकलायला पूर्वपक्षही तयार होणार नाही. बरे, साठच्या दशकानंतर पडला म्हणावे, तर सत्यदेव दुबे यांचा ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९७१ चा. गोविंद निहलानी यांचा कॅमेरा त्याच चित्रपटातून प्रथम स्वतंत्रपणे लोकांसमोर आला. सत्तरचे दशक तर या युगाच्या ऐन मध्यावर येते. त्या दशकाची गोष्ट पुढे करतोच. ऐंशीत पडला म्हणावे तर ‘आक्रीत’ आणि ‘उंबरठा’ वाट अडवतात. नव्वदीत पडला म्हणावे तर ‘एक होता विदूषक’, ‘मुक्ता’, ‘दोघी’, ‘बनगरवाडी’. सुरुवातीची तारीख ठरत नाही, ऐन भराची तारीख ठरत नाही. ठरलेली आहे ती फक्त शेवटची. ज्या युगाचा फक्त अंत माहीत आहे त्याच्या अस्तित्वाबद्दल शंका घ्यायला नको?

इथे पूर्वपक्षाचा मूळ दोष उघडा पडतो. सुवर्णयुग म्हणून तो ज्याकडे बोट दाखवतो त्याचे मोजमाप तो शिखरांवरून करतो, आणि अंधारयुगाचे पायथ्यावरून. ‘प्रभात’ची स्थापना १९२९ ची; मराठी बोलपटाची पहिली पायरी असलेला ‘अयोध्येचा राजा’ १९३२ चा; शांतारामबापू कंपनी सोडून गेले ते १९४२ मध्ये. ज्याच्या नावाने आपण कान पकडतो तो काळ म्हणजे मुख्यतः एका कंपनीची दहा वर्षे. त्या दहा वर्षांत दामले-फत्तेलाल यांनी ‘संत तुकाराम’ दिला. विष्णुपंत पागनीसांचा तुकोबा आणि गौरीची आवली असा संसार भारतीय पडद्याने पुन्हा पाहिला नाही, हे मीही छातीठोकपणे म्हणेन. शांतारामबापूंनी ‘कुंकू’त पार्श्वसंगीत बाजूला ठेवले आणि घरातल्या, रस्त्यातल्या आवाजांवर चित्रपट तोलला, तोही १९३७ साली. हे सगळे खरे. पण त्याच वर्षांत इतर कंपन्यांनी काढलेल्या पौराणिक पटांची नावे आज कोणाला आठवतात? नाही आठवत, आणि म्हणूनच तो काळ सोन्याचा दिसतो. काळाने गाळ केव्हाच वाहून नेला. सत्तर-ऐंशीच्या दशकातला गाळ मात्र दूरचित्रवाणीवर रोज दुपारी दिसतो, म्हणून तो काळच गढूळ ठरतो. एकाचे उत्तम आणि दुसऱ्याचे सामान्य समोरासमोर ठेवून तुलना करणे हा कुठला न्याय?

न्यायच करायचा तर शिखराशेजारी शिखर ठेवा. ‘सामना’ घ्या. दिग्दर्शक जब्बार पटेल, लेखक विजय तेंडुलकर, संगीत भास्कर चंदावरकर, आणि निर्माते रामदास फुटाणे, जे पेशाने चित्रकला शिक्षक आणि वृत्तीने वात्रटिकाकार. साखर कारखान्याच्या जोरावर उभे राहिलेले हिंदुराव धोंडे-पाटील यांचे साम्राज्य, आणि त्यात कुठून तरी येऊन पडलेला एक दारुडा मास्तर. कधी काळी गांधींच्या वाटेने चाललेला, आता गुत्त्यावर पडणारा. हा मास्तर एका नाहीशा झालेल्या माणसाबद्दल विचारतो. मारुती कांबळे नावाच्या. बस्स, एवढीच गोष्ट. पण श्रीराम लागूंचा मास्तर तो प्रश्न ज्या चिवटपणे विचारत राहतो आणि निळू फुल्यांचे हिंदुराव तो ज्या सफाईने, प्रेमाने, खाऊ घालून टोलवत राहतात, त्यात सहकाराच्या महाराष्ट्राची अख्खी सत्तारचना दिसते. हिंदुराव खलनायक नाहीत. ते गावाचे भले करणारे आहेत, आणि चित्रपटाची धार तिथेच आहे. त्यांनी रस्ते केले, शाळा काढल्या, माणसे पोसली. त्या भल्याच्या पायाखाली एक माणूस गाडला गेला आहे, आणि एका दारुड्याखेरीज तो कोणाला आठवत नाही. त्या काळी सहकारसम्राटांच्या गौरवग्रंथांची रास पडत होती. पडद्यावर मात्र हा जाब विचारला जात होता. हा अंधार?

चार वर्षांनी पटेल-तेंडुलकर याच जोडीने ‘सिंहासन’ केला. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या तेंडुलकरांनी एका पटकथेत विणल्या. मुख्यमंत्री, त्यांना खाली खेचू पाहणारा अर्थमंत्री, कामगार नेता, तस्कर, आणि हे सगळे पाहत फिरणारा वार्ताहर दिगू टिपणीस. भारतातल्या कोणत्याही भाषेत मंत्रालयाच्या दारामागचे राजकारण १९७९ पर्यंत इतक्या थंड डोक्याने कोणी दाखवले होते? मला आठवत नाही. कोणाला आठवले तर त्याने ते नाव जरूर पुढे करावे.

पण ‘सिंहासन’ मी इथे आणला तो आणखी एका कारणासाठी. त्यातला मुख्यमंत्री अरुण सरनाईक आहेत आणि वार्ताहर निळू फुले. हे दोघे आले कुठून? सरनाईक आले ‘सवाल माझा ऐका’सारख्या तमाशापटांतून. निळूभाऊ पडद्यावर आले ते ‘एक गाव बारा भानगडी’मधून, १९६८ साली. ज्या तमाशापटांनी मराठी चित्रपट नासवला अशी फिर्याद आहे त्याच फडात ‘सिंहासन’चे दोन खांब घडले. पाटलाच्या भूमिकेचा साचा निळूभाऊंनी इतका आतून ओळखला होता की ‘सामना’त त्यांनी तो साचा वापरून साचाच फोडला, आणि ‘सिंहासन’मध्ये तो उतरवून ठेवून ते एक दमलेला, पडेल खांद्यांचा, नुसता ऐकणारा माणूस झाले. तमाशापटांचे समर्थन करण्याची मला हौस नाही. बरेचसे मलाही बघवत नाहीत. पण ज्या मातीत कसदार पीक आले तिला नापीक म्हणता येत नाही.

उरलेले सत्तरचे दशक भराभर सांगतो. ‘जैत रे जैत’, १९७७. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, महानोरांचे शब्द, हृदयनाथांचे संगीत, निर्मिती उषा मंगेशकरांची. ठाकरांच्या जगात मोहन आगाशे आणि स्मिता पाटील. ‘घाशीराम कोतवाल’, १९७६. मणी कौल, सईद मिर्झा, के. हरिहरन, कमल स्वरूप अशा तरुणांनी सहकारी संस्था काढून केलेला, ओम पुरी यांचा पहिला चित्रपट. ‘२२ जून १८९७’, १९७९. नचिकेत आणि जयू पटवर्धन या वास्तुरचनाकार जोडप्याने चापेकर बंधूंची गोष्ट जयजयकाराच्या घोषणा टाळून, प्लेगातल्या पुण्याचे वाडे आणि बोळ उभे करून सांगितली. ऐतिहासिक चित्रपट म्हणजे तुताऱ्या आणि तलवारी, असे ज्यांना वाटते त्यांनी हा एकदा पाहावाच. ही सगळी चारच वर्षांची कमाई.

इथे एक गमतीची विसंगती नोंदवतो. अंधारयुग मानणारी हीच मंडळी हिंदीतल्या समांतर चित्रपटाचा काळ आला की उभी राहून टाळ्या वाजवतात. ‘निशांत’, ‘मंथन’, ‘आक्रोश’, ‘अर्धसत्य’. यांच्या लेखनात कोणाचा हात होता? विजय तेंडुलकरांचा. ‘अर्धसत्य’ची मूळ कथा एका मराठी कथाकाराची, श्री. दा. पानवलकरांची. ‘भूमिका’ उभी आहे ती हंसा वाडकरांच्या आत्मकथनावर, म्हणजे पुन्हा ‘सांगत्ये ऐका’च्या नायिकेवर. त्यात स्मिता पाटील, आणि अन्यत्र लागू, पालेकर, आगाशे, निहलानी. तीच लेखणी, तीच माणसे, तीच वर्षे. हिंदीत काम केले की पहाट आणि मराठीत केले की मध्यरात्र, हे कोणत्या घड्याळाने?

गुणी माणसे हिंदीत गेली, हे खरेच. पण ती गेली याचे कारण मराठीत काही घडत नव्हते हे नसून मराठी चित्रपटाचा बाजार हिंदीच्या उंबऱ्यात होता हे आहे. मराठी प्रेक्षकाला हिंदी समजते. मुंबईची चित्रपटगृहे, स्टुडिओ, वितरक सगळे हिंदीच्या दिमतीला. मद्रासच्या तमिळ निर्मात्याला ही स्पर्धा स्वतःच्या गल्लीत करावी लागली नाही. ‘प्रभात’लाही हे पुरते ठाऊक होते, म्हणून तर ‘कुंकू’ हिंदीत ‘दुनिया न माने’ होऊन आला आणि ‘माणूस’ ‘आदमी’ होऊन. सत्तरीनंतर मराठी चित्रपटाला कमी पडली ती चित्रपटगृहे. कस कमी पडला नाही. थिएटर न मिळालेला चित्रपट वाईट असतो, हे तर्कशास्त्र मी कुठे शिकलेलो नाही.

आता हसण्याच्या आरोपाकडे येतो. पूर्वपक्षाचा सगळ्यात लाडका पुरावा तोच आहे, आणि माझ्या मते सगळ्यात कच्चाही.

‘सोंगाड्या’ १९७१ चा. आधी तो पाहावा, मग दादांवर बोलावे. तमाशाच्या नादाने घराबाहेर पडलेला भोळा नाम्या, त्याला ताब्यात ठेवू पाहणारी आई, आणि फडातली कलावती. लेखन वसंत सबनीसांचे, ज्यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने लोकनाट्याला शहरात नवा जन्म दिला. यातला विनोद हा बतावणीचा, सोंगाचा, थेट प्रेक्षकाच्या डोळ्यात डोळा घालून केलेला. पुढे दादांनी तोच मसाला इतक्यांदा उकळला की चव गेली. त्यांचे शेवटचे चित्रपट मी कोणाला पाहा म्हणणार नाही. पण शेवटच्या घसरणीवरून पहिल्या चढणीचा निकाल लावणे अप्रामाणिक आहे. हेच सबनीस सतरा वर्षांनी ‘अशी ही बनवाबनवी’ लिहितात, हे किती जणांच्या लक्षात असते? कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ची, कबूल. पण पुण्यात भाड्याची खोली मिळणे म्हणजे काय दिव्य असते, घरमालक नावाचा प्राणी कसा बोलतो, एक खोटे झाकायला दुसरे खोटे किती घाईने उभे करावे लागते, याची घडी इतकी पक्की आहे की मराठी माणसे आज तिसऱ्या पिढीत ते संवाद परवलीसारखे वापरतात. शेक्सपिअरनेही कथा उसन्याच घेतल्या होत्या, असे म्हणण्याचा मोह आवरतो. बनवाबनवीला त्या आधाराची गरज नाही.

आणि समजा, हे सगळे अमान्य. समजा, ऐंशीचे दशक म्हणजे नुसता खिदळण्याचा काळ. तरी त्या खिदळण्यावरचे सर्वांत कठोर भाष्य कोणी केले? त्याच काळाने. ‘एक होता विदूषक’, १९९२. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची निर्मिती, दिग्दर्शन जब्बार पटेलांचे, आणि पटकथा पु. ल. देशपांडे यांची. ‘गुळाचा गणपती’नंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी पुलं चित्रपटाकडे परतले ते हा विषय घेऊन. तमाशातल्या बाईच्या पोटी जन्मलेला आबुराव फडावर हसवतो, तिथून सिनेमात जाऊन हसवतो, आणि मग राजकारण त्याच्या हसवण्याला कामाला जुंपते. प्रत्येक पायरीवर टाळ्या वाढतात आणि हसण्यातला दंश कमी होत जातो. सोंगाड्याचा मूळ अधिकार राजाला तोंडावर सुनावण्याचा. आबुराव शेवटी राजाच्या पदरी बसतो. ही भूमिका कोणाला दिली? लक्ष्मीकांत बेर्डे यांना. ज्यांच्या उड्या आणि लकबी हा त्या काळाचा चलनी शिक्का होता, त्यांनाच. हा योगायोग नव्हता. लक्ष्याचा चेहरा पाहताच हसायला तयार असलेल्या प्रेक्षकासमोर तो चेहरा हळूहळू विझत जातो, आणि आपल्या हसण्याची आपल्यालाच शरम वाटू लागते. लावणीचे इतके जाणते चित्रणही दुसरीकडे क्वचित दिसेल. त्यासाठी लक्ष्मीबाई कोल्हापूरकरांना नृत्यदिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेव्हा प्रेक्षकांनी हा चित्रपट नाकारला, कारण त्यांना नेहमीचा लक्ष्या हवा होता. प्रेक्षक चुकले. पण त्यांची चूक आपण तीस वर्षांनीही का गिरवत राहावी? ज्या काळाला स्वतःच्या हसण्याची चिकित्सा करता येते तो बिनडोक होता, असे म्हणणाऱ्याने आधी तसा एक चित्रपट गेल्या वीस वर्षांतला दाखवावा.

राहता राहिला ‘श्वास’.

‘श्वास’चे मोल मी कमी लेखत नाही. डोळ्यांच्या कर्करोगामुळे दृष्टी जाणार असलेला नातू, त्याला शेवटचे जग दाखवू पाहणारा कोकणातला आजोबा. अरुण नलावडे यांनी तो आजोबा असा उभा केला की अभिनय दिसतच नाही. प्रश्न एवढाच: त्याने कोणती वाट नव्याने पाडली? छोटी गोष्ट, खऱ्या जागा, अनोळखी चेहरे, गाण्यांची सक्ती नाही, दुःखाचा तमाशा नाही. हे सगळे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर कित्येक वर्षे करत होते. समाजशास्त्राच्या अभ्यासातून आलेल्या सुमित्राताईंनी ‘बाई’ हा लघुपट केला तो १९८५ मध्ये. ‘दोघी’ १९९५ चा, ‘दहावी फ’ आणि ‘वास्तुपुरुष’ २००२ चे. तिन्ही ‘श्वास’च्या आधीचे. आणि पुढे? २०१६ च्या ‘कासव’ला सुवर्णकमळ मिळाले, तेव्हा ते नव्या लाटेचे यश म्हणून साजरे झाले. दिग्दर्शक तेच दोघे. निर्मात्यांत मोहन आगाशे. ‘घाशीराम’मधले नाना, ‘जैत रे जैत’चा नाग्या. नवी लाट म्हणून जिचे स्वागत केले ती चाळीस वर्षे वाहत होती. किनाऱ्यावर माणसे उशिरा आली, एवढेच.

मग २००४ नंतर बदलले काय? बदल झाला, आणि तो खरा आहे. बहुपडदा चित्रपटगृहे आली, लहान चित्रपटाला लहान प्रेक्षागृह मिळू लागले. उपग्रह वाहिन्या मराठी चित्रपट विकत घेऊ लागल्या. २००७ मध्ये केवळ मराठी चित्रपटांची वाहिनी सुरू झाली. पैसे परत मिळण्याची शक्यता दिसली, म्हणून पैसे लावणारे आले. ‘श्वास’ने त्यांना धीर दिला, हे श्रेय त्याचे निर्विवाद. पण ही अर्थव्यवहाराची कथा आहे. तिला आपण प्रतिभेच्या पुनर्जन्माची कथा करून टाकले.

यावर एक शेवटचा बचाव येतो: तुम्ही सांगता ते सगळे अपवाद आहेत. मान्य, अपवाद आहेत. ‘संत तुकाराम’ नियम होता काय? ‘कोर्ट’ आज नियम आहे काय? चांगला चित्रपट प्रत्येक काळात अपवादच असतो. आणि हे अपवाद एका हौशी माणसाच्या लहरीतून आलेले नाहीत. त्यांच्यामागे एक कवी-शिक्षक, एक गायिका, तरुणांची सहकारी संस्था, केंद्राचे महामंडळ असे वेगवेगळे लोक वेगवेगळ्या वर्षी उभे राहिले. ‘कळत नकळत’ आणि ‘चौकट राजा’ पाहाच. ते उभे केले दूरदर्शनवर बातम्या वाचणाऱ्या स्मिता तळवलकरांनी. तीस वर्षे सतत घडत राहणाऱ्या अपवादाला परंपरा म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

चुकीच्या इतिहासाने नुकसान होते ते प्रत्यक्ष. ज्याचे नाव यादीत नाही ते कोणी मागत नाही. जे कोणी मागत नाही त्याची चांगली प्रत करायला कोण पैसा घालणार? यातले कित्येक चित्रपट आज पाहायला मिळतात ते धूसर, कापलेल्या, आवाज फाटलेल्या अवस्थेत. तशा प्रतीत ‘उंबरठा’ पाहिलेला विशीतला मुलगा म्हणणारच, की जुने चित्रपट अंधारेच असतात.

म्हणून माझी शिफारस अशी, की युगांच्या रांगेत चित्रपट पाहू नयेत. जोड्या लावून पाहावेत. ‘सामना’ आणि चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ लागोपाठ पाहा. पहिल्यात मारुती कांबळे नाहीसा झालेला आहे, दुसऱ्यात नारायण कांबळे नावाचा लोकशाहीर आरोपीच्या पिंजऱ्यात आहे. आडनाव योगायोगाने एक असेल. व्यवस्थेचा शांत, सभ्य, कागदोपत्री बिनचूक चेहरा योगायोगाने एक नाही. ‘सोंगाड्या’, ‘एक होता विदूषक’ आणि रवी जाधव यांचा ‘नटरंग’ ही तिहेरी जोडी घ्या, म्हणजे फडावरच्या पुरुषाचे चाळीस वर्षांत काय झाले ते कळेल. ‘दहावी फ’मधली तुकडीवरून हिणवली जाणारी पोरे पाहून मग नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तला जब्या पाहा, सुमित्राताई जिथे समेट शोधतात तिथे मंजुळे दगड उचलतात, आणि त्या दोघांतला वाद आपल्याला पडद्यावर ऐकू येतो. ‘बनगरवाडी’नंतर रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ पाहा, ज्याने २०२५ मध्ये संडान्सला जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च पारितोषिक घेतले. गावात बाहेरून येणाऱ्या माणसाला गाव काय देते आणि काय लपवायला लावते, याची दोन टोके हाती येतील.

आणि वेळ असेल तर चार रात्री राखून ठेवा. पहिल्या रात्री ‘कुंकू’: म्हाताऱ्या नवऱ्याला नवरा मानायला नकार देणारी नीरा. दुसऱ्या रात्री ‘उंबरठा’: महिलाश्रम चालवायला घर सोडून गेलेली आणि परतल्यावर घरात जागा न उरलेली सुलभा. तिसऱ्या रात्री ‘दोघी’: लग्नाच्याच दिवशी अपशकुनी ठरलेली, मुंबईला पाठवून दिलेली गौरी, जिचा पैसा घराला चालतो पण जी स्वतः चालत नाही. चौथ्या रात्री जयंत सोमलकर यांचा, २०२५ मध्ये चित्रपटगृहांत आलेला ‘स्थळ’: विदर्भातल्या कापसाच्या गावात पाहुण्यांपुढे पुन्हा पुन्हा पाटावर बसवली जाणारी, जिची उंची आणि रंग मोजला जातो ती सविता. यातले मधले दोन चित्रपट ठरलेल्या यादीत सापडत नाहीत. ते वगळून गौरीशिवाय सविता समजून घेता येते का, हे पाहणाऱ्याने पाहून ठरवावे.